घरात मांजर आहे आणि आता पिल्लू येतंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या उत्तरांत घरातल्या जुन्या मांजरीला सोयीसाठी ‘थोरली’ म्हटलं आहे. तुमच्याकडे बोका असेल तर ‘थोरला’ वाचा, बाकी काही बदलत नाही. प्रश्न साधारण ज्या क्रमाने पडतात त्याच क्रमाने ठेवलेत. घरात आत्ताच मारामारी चालू असेल तर मात्र आधी भांडणाचा प्रश्न वाचा आणि मग वर या.

थोरली दिवसभर एकटी असते. तिला सोबत म्हणून पिल्लू आणावं का?

सोबत तिला हवी आहे, की तिच्या एकटेपणाचं आपल्यालाच वाईट वाटतंय, हे आधी तपासा. पाळीव मांजरांचे पूर्वज म्हणजे आफ्रिकेतली रानमांजरं. ती एकेकटी राहतात, एकेकटी शिकार करतात. पाळीव मांजरं अन्न भरपूर असेल तिथे गटानेही राहतात, पण त्या गटात बहुतेक आई, मुली, मावश्या अशा नात्यातल्या माद्या असतात. म्हणजे मांजरीला दुसरी मांजर चालतच नाही असं नाही. अनोळखी मांजर एकदम घरात आलेली चालत नाही.

जी थोरली पूर्वी दुसऱ्या मांजरासोबत नीट राहिली आहे, पाहुणे आले तरी पलंगाखाली जाऊन बसत नाही आणि अजून खेळते, तिच्याकडे पिल्लू सहसा रुळतं. जिला नुकतंच घर बदलावं लागलंय, जी आजारी आहे, खिडकीतून दुसरी मांजर दिसली तरी जिचा पारा चढतो, तिच्या बाबतीत थांबा. कंटाळा एवढंच कारण असेल तर रोज दोनदा दहा-दहा मिनिटं काठीला बांधलेल्या पिसाशी तिला खेळवून बघा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. (खेळून झालं की दोरी कपाटात ठेवा. गिळलेली दोरी आतड्यात अडकते आणि ऑपरेशनची वेळ येते.)

पिल्लू किती मोठं असावं? नर की मादी?

८ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू आणू नये. १२ आठवड्यांपर्यंत आईजवळ राहिलेलं असेल तर आणखी चांगलं. चावा किती जोरात घ्यायचा, समोरच्याने कान पाडले की कुठे थांबायचं, हे ते आई-भावंडांकडून शिकतं. बाटलीवर एकटंच वाढलेलं पिल्लू हे धडे थोरलीकडून शिकेल, आणि थोरली आईइतकी सोशिक नसते. अर्थात पिल्लू बऱ्याचदा निवडून आणलेलं नसतंच, सापडलेलं असतं. मग आहे त्या वयाचं घ्यायचं आणि धीर थोडा जास्त धरायचा.

नर-मादी यावर फार डोकं खपवू नका. दोघांची नसबंदी आणि दोघांच्या अंगातली रग जुळणं, याने जास्त फरक पडतो.

पिल्लाला आधी डॉक्टरांकडे न्यायचं की घरी?

आधी डॉक्टरांकडे. पिल्लू धट्टंकट्टं दिसलं तरी त्याच्यासोबत काय काय येईल सांगता येत नाही. पिसवा येतात. कानातले किडे येतात; कानात कॉफीच्या चुऱ्यासारखा काळपट मळ दिसला तर तेच समजा. जंत तर आईच्या दुधातूनच मिळतात, त्यामुळे जंताचं औषध बहुतेक प्रत्येक पिल्लाला लागतं. गजकर्ण असेल तर अंगावर केस गेलेले गोल चट्टे दिसतात, आणि तो थोरलीबरोबर तुम्हालाही होतो.

मोठी भीती विषाणूंची. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू वातावरणात वर्षभरही टिकू शकतो आणि साध्या फरशी पुसण्याच्या औषधाने मरत नाही. मांजरांचा ल्युकेमिया लाळेतून पसरतो, म्हणजे एकमेकांना चाटणं आणि एका भांड्यात खाणं एवढंही त्याला पुरतं. एफआयव्ही, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू, मुख्यतः खोल चाव्यातून जातो. या दोन्हींची रक्ततपासणी करून घ्या. ६ महिन्यांच्या आतल्या पिल्लाची एफआयव्ही चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच हात-पाय गाळू नका. आईकडून आलेल्या अँटिबॉडीमुळेही तसं दिसतं, म्हणून ती ६ महिन्यांनंतर पुन्हा करतात.

पिल्लाची लस ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होते आणि दर ३-४ आठवड्यांनी, किमान १६ आठवड्यांचं होईपर्यंत, पुढचे डोस द्यावे लागतात. थोरलीच्या लसीची तारीख उलटून गेली नाही ना, हेही याच खेपेला बघा. ते हमखास राहून जातं.

आणि एक सूचना ठळक अक्षरांत: कुत्र्यांसाठीचं पिसवांचं औषध मांजरांना लावू नका. त्यातल्या अनेकांत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि ते मांजरांच्या जिवावर बेततं.

पिल्लासाठी वेगळी खोली लागतेच का?

लागतेच. दार बंद होणारी कुठलीही खोली चालेल, फक्त थोरलीची आवडती नको. ती ज्या खोलीत दुपारी उन्हात पसरते तीच तिच्यापासून हिरावून घेतली तर पहिल्या दिवशीच गाडं बिघडतं.

आत लिटर ट्रे (शू-शीसाठी वाळूचा ट्रे) एका कोपऱ्यात, खाणं-पाणी त्याच्यापासून लांब, अंथरूण, खरवडायला काहीतरी, आणि लपायला जागा. पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवलं तरी पिल्लू खूश. एकाच खोलीचं घर असेल तर मोठा पिंजरा वापरा, त्याच्या तीन बाजू चादरीने झाका, आणि थोरलीला त्याच्यावर चढून बसता येणार नाही असं बघा.

पिल्लू आत रडेल. पहिल्या एक-दोन रात्री बरंच रडेल. आत जाऊन त्याच्याजवळ बसा, हवं तर तिथेच झोपा, पण आवाज ऐकवत नाही म्हणून दार उघडू नका.

किती दिवस वेगळं ठेवायचं?

आजार लपून राहू नये म्हणून साधारण दोन आठवडे. स्वभावाच्या हिशोबाने किती, ते थोरली ठरवते. पिल्लू तयार असतंच. त्याला कोणीही चालतं. काही घरांत त्यानंतर आठवडाभरात दोघं एका सोफ्यावर दिसतात, काही घरांत दोन-तीन महिने लागतात, आणि दोन्ही नॉर्मल आहे. घाई असते ती आपल्याला, कारण आपल्याला दोघांचा एकत्र फोटो हवा असतो.

वासाची ओळख म्हणजे नेमकं काय करायचं?

या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ इथे घालवावा, आणि लोक नेमकी हीच पायरी अर्ध्या दिवसात उरकतात. मांजर समोरच्याला डोळ्यांनी ओळखण्याआधी नाकाने ओळखते. तिच्या गालांत, हनुवटीत, कपाळावर आणि शेपटीच्या मुळाशी गंधग्रंथी असतात. सोफ्याचा कोपरा, दाराची चौकट, तुमची पोटरी, जिथे जिथे ती गाल घासते तिथे तिथे ‘हे आपलं’ अशी खूण होते. एकत्र राहणारी मांजरं एकमेकांना अंग घासून सगळ्यांचा मिळून एक वास तयार करतात. ज्याला तो वास नाही, तो परका. पिल्लाला त्या वासात आधी सामील करून घ्यायचं आणि मग समोर आणायचं, एवढंच आपलं काम.

एक स्वच्छ सुती मोजा हातात घाला आणि पिल्लाचे गाल नि हनुवटी हलकेच चोळा. तो मोजा थोरलीच्या वाटेत जमिनीवर ठेवा. तिच्या नाकाखाली धरू नका. तिचं तिला येऊ द्या. ती मान लांब करून हुंगेल. कदाचित तोंड अर्धवट उघडून काही क्षण स्तब्ध होईल, काहीतरी किळसवाणं लागल्यासारखी. ते नाक मुरडणं नाही. टाळूत असलेल्या जेकबसन अवयवापर्यंत ती तो वास पोचवत असते. मग फिस्कारेल, किंवा पाठ फिरवून निघून जाईल. दोन्ही चालेल. तिच्या गालाचा मोजा पिल्लाकडेही तसाच न्या.

नंतर अंथरुणांची अदलाबदल करा. मग खोल्यांची: थोरलीला पिल्लाच्या खोलीत बंद करून पिल्लाला अर्धा तास घरभर फिरू द्या. पिल्लाच्या वासाचं फडकं पडलेलं असताना थोरली शेजारी निवांत अंग चाटत बसली, की ही पायरी झाली असं समजा.

दाराच्या दोन बाजूंना जेवण ठेवायचं म्हणे. कशासाठी?

पलीकडचा वास आला की चांगलं खायला मिळतं, ही सांगड थोरलीच्या डोक्यात बसावी म्हणून. ताटली दारापासून इतकी लांब ठेवा की ती बिनघोर खाईल. दार आणि ताटली यांमध्ये सुरुवातीला आठ-दहा फूट लागले तरी हरकत नाही. रोज वीतभर पुढे सरकवा. एखाद्या दिवशी ती खायची थांबून दाराकडे टक लावून बघायला लागली, तर दुसऱ्या दिवशी ताटली पुन्हा मागे. तिला सर्वांत आवडणारं खाणं याच वेळेसाठी राखून ठेवा.

पहिली नजरभेट कशी घडवायची?

जाळीचं दार असेल तर उत्तम. लहान मुलांसाठी लावतात तसं फाटकही चालतं, पण त्यावर आधी चादर टाका आणि रोज थोडी थोडी वर करा. तेही नसेल तर दार तीन बोटं उघडं राहील असं दोन्ही बाजूंनी अडकवा. भेटीआधी पिल्लाला दमेपर्यंत खेळवा. ताजंतवानं पिल्लू फटीतून पंजा घालून शेपटी ओढू बघतं, आणि थोरलीचं पहिलं मत त्यावरच बनतं.

एक-दोन मिनिटं पुरेत. थोरलीकडे बघत राहा. कान पुढे, मिशा पुढे, शेपटीचं टोक हळू हलतंय, मधूनच ती तुमच्याकडे किंवा ताटलीकडे बघते, डोळे अर्धवट मिटते: छान चाललंय. अंग जमिनीला घट्ट, बाहुल्या मोठ्या, कान आडवे पडलेले आणि पापणीही न लवता नजर पिल्लावर रोखलेली: संपवा. ओरडून नाही. मध्ये पुठ्ठा सरकवा आणि तिला खेळण्याच्या मागे दुसऱ्या खोलीत न्या. फिस्कारण्यापेक्षा ही रोखलेली शांत नजर जास्त वाईट, हे पक्कं लक्षात ठेवा.

थोरली फिस्कारते, गुरगुरते. रागवू का?

अजिबात नाही. फिस्कारणं म्हणजे ‘लांब राहा’ असं सांगणं, हल्ला टाळण्यासाठीच असतं ते. रागावलात तर पिल्लू आलं की आपल्याला बोलणी बसतात, एवढंच ती शिकेल. पंजाची नखं आत ठेवून मारलेली चापटही चालते. पिल्लाला हद्द कळायला हवीच, आणि ती तुमच्यापेक्षा थोरली चांगली शिकवते.

हा खेळ आहे की मारामारी?

खेळ बहुतेक मुका असतो. पाठलाग करणारा आणि पळणारा आलटून पालटून बदलतात. मध्येच दोघं थांबतात, अंग चाटतात, पुन्हा सुरू होतात. खाली पडलेलं मांजर सुटल्यावर लांब पळत नाही, उलट परत येऊन खोडी काढतं. चावे असतात पण रक्त नसतं.

मारामारीला आवाज असतो: लांबलेला, वर चढत जाणारा ओरडा. केसांचे पुंजके उडतात, शेपूट फुलते, नखं बाहेर असतात. नेहमी एकच मांजर पळतं आणि नेहमी तेच कपाटामागे सापडतं. आवाज नसूनही वाईट असलेला एक प्रकार आहे तो सांगून ठेवतो, कारण तो नजरेतून सुटतो. थोरली दारात आडवी पसरते. दिसायला आरामात पडलेली, पण पिल्लाला त्या दारातून ट्रेकडे जायचंय आणि ते जात नाही, लांबून बघून परत फिरतं. ही नाकाबंदी आहे. ट्रे आणि पाणी आणखी एका ठिकाणी ठेवलं की तिची अर्धी धार जाते.

भांडण लागलं तर सोडवायचं कसं?

हात घालू नका. संतापलेली मांजर कोण मध्ये आलं ते बघत नाही, आणि मांजराचा चावा छोटा दिसला तरी खोल जातो नि बऱ्याचदा चिघळतो. चावलीच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

दोघांच्या मध्ये उशी किंवा मोठा पुठ्ठा घाला, नाहीतर एकावर जाड टॉवेल टाका. मग दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बंद करा आणि थोरलीला उचलून समजूत घालायला जाऊ नका. तिचा राग उतरायला काही तास, कधी कधी दोन-तीन दिवसही लागतात, आणि तोवर तो तुमच्यावर निघू शकतो. नंतर जिथे सगळं ठीक चाललं होतं त्या पायरीवर परत जायचं.

‘सोडून द्या, आपसांत मिटवतील’ असं बरेच जण सांगतात. ते खरं आहे का?

कधी कधी मिटतं, म्हणून तर हा सल्ला टिकून आहे. पण नाही मिटलं तर पहिल्या भेटीतली भीती पुसायला पुढे कित्येक आठवडे जातात. मांजरांना भांडणानंतर दिलजमाई फारशी जमत नाही. ती एकमेकांना टाळणं शिकतात. तुम्ही आधीच थेट सोडलं असेल आणि बिनसलं असेल, तर काही दिवस दोघांना पूर्ण वेगळं ठेवा आणि मोज्यापासून नव्याने सुरू करा.

लिटर ट्रे किती?

जितकी मांजरं त्यापेक्षा एक जास्त. दोघांना तीन. तिन्ही ओळीने एकाच कोपऱ्यात ठेवले तर मांजरीच्या लेखी तो एकच. पिल्लाच्या ट्रेची कड बुटकी असावी. २ महिन्यांच्या आतलं पिल्लू वाळू तोंडात घालतं, त्यामुळे त्याला गोळे बनणारी वाळू देऊ नका.

पिल्लाचं खाणं थोरली खाते आणि थोरलीचं पिल्लू.

पिल्लाच्या खाण्यात उष्मांक जास्त असतात, थोरली त्यावर फुगते. तिच्या खाण्यावर पिल्लाची वाढ नीट होत नाही. दिवसभर वाटी भरून ठेवणं बंद करा, वेळा ठरवा, पिल्लाला बंद दाराआड दिवसातून तीन-चारदा द्या. थोरलीची वाटी उंचावर ठेवण्याची युक्ती पिल्लू उडी मारायला शिकेपर्यंतच चालते. आणि गायीचं दूध दोघांनाही नको. बहुतेक मांजरांना त्याने जुलाब होतात.

थोरलीने खाणं सोडलंय, किंवा ट्रेबाहेर शू करतेय. रुसली असेल का?

रुसवा समजून वाट बघू नका. मोठ्या मांजरीने २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. विशेषतः लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर यकृतात चरबी साठून गंभीर आजार होऊ शकतो. ताणामुळे मूत्राशयाला सूज येते, मग थोडी थोडी शू, कधी रक्तासह, कुठेही होते. आणि बोका ट्रेमध्ये बसून कुंथतोय पण थेंबही येत नाही असं दिसलं, तर मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो. त्याच तासाला निघा, रात्र असली तरी.

ती माझ्याही जवळ येईनाशी झालीय.

तुमच्या कपड्यांना पिल्लाचा वास येतो. पिल्लाच्या खोलीत एक जुना शर्ट टांगून ठेवा, आत जाताना घाला, बाहेर येताना काढा, हात धुवा. तिच्या जेवणाच्या, खेळाच्या, मांडीवर बसण्याच्या वेळा जशाच्या तशा पाळा.

आमची मांजर १४ वर्षांची आहे. या वयात पिल्लू आणावं का?

माझं मत विचाराल तर नको. या वयात बहुतेक मांजरींचे सांधे दुखत असतात, आणि पिल्लू नेमकं दुखऱ्या अंगावरच झेप घेतं. आणायचंच असेल तर एका ऐवजी दोन भावंडं आणा. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण ती एकमेकांशी झुंजतात आणि म्हातारीला जरा उसंत मिळते. शिवाय तिला अशी एक जागा हवी जिथे ती पायरीपायरीने चढू शकेल पण पिल्लाला पोचता येणार नाही.

फेरोमोन डिफ्यूझरने फरक पडतो का?

हे प्लगमध्ये लावायचं यंत्र मांजरांना शांत करणाऱ्या गंधाची नक्कल हवेत सोडतं. काही घरांत फरक पडतो, काहींत नाही. अपाय नाही. पण पायऱ्या गाळण्याची ती सूट नाही.

दोघांना घरात एकटं कधी सोडायचं?

तुमच्या देखत दोन-तीन आठवडे एकही खरी मारामारी झाली नाही, दोघं ट्रे आणि वाटीपर्यंत बिनधास्त जातात, एकमेकांसमोर झोपतात, तेव्हा. तोवर बाहेर पडताना आणि रात्री दार बंद. शिवाय पिल्लू ३-४ महिन्यांचं होईपर्यंत दोघांच्या वजनात इतका फरक असतो की थोरलीची एक फटकाही त्याला महागात पडेल.

नसबंदी कधी?

डॉक्टर सांगतील तेव्हा, पण ढकलत नेऊ नका. मादी पिल्लू ४-५ महिन्यांचंही माजावर येऊ शकतं, आणि गाभण राहिली तर जेमतेम नऊ आठवड्यांत पिल्लं. थोरल्या बोक्याची नसबंदी झालेली नसेल तर पिल्लू आणण्याच्या बरीच आधी करून घ्या. शस्त्रक्रियेनंतर हार्मोन उतरायला काही आठवडे लागतात.

वर्षभर गोडीगुलाबीने राहिली आणि आता अचानक भांडतात. असं का?

तीन कारणं आधी तपासा. एकजण नुकतीच डॉक्टरांकडून आली आहे का? दवाखान्याच्या वासामुळे घरची मांजर तिला ओळखत नाही. तिला एक रात्र वेगळी ठेवा आणि घरातलं अंथरूण द्या. कोणाला काही दुखतंय का? दात, सांधे, मूत्राशय, काहीही. तिसरं म्हणजे वय. मांजर शरीराने वर्षभरात मोठी होते, पण स्वभावाने प्रौढ व्हायला दोन ते चार वर्षं लागतात, आणि लहान म्हणून खपवून घेतलेलं पिल्लू त्या वयात स्वतःची हद्द मागू लागतं. तेव्हा उंचावरच्या जागा, ट्रे, पाण्याच्या वाट्या वाढवा. घर मोठं करता येत नाही, पण भिंतीवर फळ्या ठोकता येतात.

सगळं करूनही जमलं नाही तर?

जमलं म्हणजे काय, ते आधी ठरवा. एकमेकांना चाटत झोपणारी जोडी नशिबाने मिळते. एकाच खोलीत दोन टोकांना बसून एकमेकांकडे दुर्लक्ष करणारी मांजरंही सुखात असतात, त्यात काही कमी नाही.

पण काही महिने नीट प्रयत्न करूनही एकजण कायम लपून राहत असेल, वजन घटत असेल, जखमा होत असतील, तर मांजरांच्या वर्तनाची जाण असलेल्या डॉक्टरांना दाखवा. काहींना काही काळ औषध द्यावं लागतं आणि त्याचा उपयोग होतो. तेही नाही जमलं तर पिल्लासाठी दुसरं घर शोधणं हा रास्त पर्याय आहे, आणि तो ते लहान असतानाच घेतलेला बरा, कारण लहान पिल्लाला घर लवकर मिळतं. देताना लसीकरणाचं कार्ड आणि आठवडाभर पुरेल इतकं त्याचं नेहमीचं खाणं सोबत द्या. एकदम खाणं बदललं की पोट बिघडतं.